घोडीचे रक्त वेळेवर तपासले असते तर

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज कापूस आणि ज्वारी बाजूला ठेवून आम्ही घोडीच्या रक्तावर बोलणार आहोत. काही जण हसतील. पण ज्यांच्या वावरात उन्हाळ्यात धनगराचा वाडा बसतो, ते हसणार नाहीत. मेंढ्या बसल्या की आपले वावर पिकते, आणि त्या वाड्याचा सगळा संसार, भांडी, कोकरे, अंथरूण-पांघरूण, घोडीच्या पाठीवर असते. घोडी गेली की वाडा हलत नाही.

आम्ही शेतकीचे पदवीधर, जनावरांचे डॉक्टर नव्हे. जे सांगतो ते डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून शिकलेले आहे, आणि एक घोडी गमावून शिकलेले आहे.

एप्रिलचा महिना होता. आमच्या वावरात उतरलेल्या वाड्यातली घोडी पुढच्या पायाने लंगडू लागली. मामांनी बाजारातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. एका गोळीने उतार पडेना म्हणून दोन दिल्या, मग तीन. विहिरीचे पाणी तळाला गेलेले, घोडीला दिवसाला दोन बादल्याही मिळत नव्हत्या. घोड्याला साध्या दिवशी २५-३० लिटर पाणी लागते, उन्हात ओझे वाहताना त्याहून बरेच जास्त. चौथ्या दिवशी तिने चारा सोडला. मामा आम्हाला म्हणाले, "दादा, पाय बरा झाला, पण जनावर मलूल का?" आम्ही म्हणालो, "उन्हाने असेल." हे आमचे चुकले. सहाव्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मानेच्या शिरेतून रक्त काढले. क्रिएटिनीन ७ च्या पुढे होते. सलाईन लावले, पण घोडी वाचली नाही.

आता हे क्रिएटिनीन म्हणजे काय ते समजून घ्या. अंगातले स्नायू रोज थोडा कचरा तयार करतात, तोच हा. मूत्रपिंड, म्हणजे आपण किडनी म्हणतो ती, हा कचरा रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळणी बिघडली की कचरा रक्तात साचतो. निरोगी घोड्याच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात तो साधारण १ ते २ मिलिग्रॅम असतो.

पण यात एक मेख आहे. गाळणीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत हा आकडा २ च्या आतच राहू शकतो. चार गड्यांपैकी तीन घरी बसले, तरी चौथा काम ओढत राहतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. कपाशीची मर आपण पाहतो ना? झाड मान टाकते तेव्हा मुळी आधीच गेलेली असते. तसेच हे.

मग तपासणीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण एका आकड्याचा नाही, दोन आकड्यांचा. माणसांच्या वैद्यकात २०१२ सालापासून असा नियम आहे की ४८ तासांत क्रिएटिनीन ०.३ ने वाढले, तर किडनीला इजा झाली असे धरायचे, मग तो आकडा 'नॉर्मल'मध्ये का असेना. घोड्यांचे डॉक्टरही आता याच रीतीने पाहतात. समजा तुमच्या घोडीचा नेहमीचा आकडा १.१ आहे आणि आज १.५ आला. कागदावर नॉर्मल लिहून येईल. पण तिच्यासाठी तो धोका आहे. म्हणून जनावर धडधाकट असताना एकदा रक्त तपासून आकडा लिहून ठेवा. माती परीक्षणाचा कागद ठेवता, तसाच हा ठेवा.

दुसरी गोष्ट. आकडा वाढला म्हणजे किडनी गेलीच असेही नाही. पाणी कमी पडले तरी तो वाढतो. सलाईन दिल्यावर उतरला, तर गाळणी शाबूत. उतरला नाही, तर इजा खरी. लघवीही बोलते. तहानलेल्या जनावराची किडनी चांगली असेल तर लघवी घट्ट येते. रक्तात कचरा वाढलेला आणि लघवी मात्र पाण्यासारखी पातळ, तर संशय पक्का. म्हणून सलाईन लावण्याआधी लघवीचा नमुना धरा. घोड्याची लघवी मुळातच गढूळ असते, तिला घाबरू नका. ती चहा-कॉफीच्या रंगाची आली तर घाबरा. फार कष्टाने स्नायू फुटले की त्यांचा रंग लघवीत उतरतो, आणि तोच किडनीला मारतो.

एसडीएमए नावाची नवी रक्ततपासणी आली आहे. ती इजा क्रिएटिनीनच्या आधी दाखवते. कुत्र्या-मांजरांसाठी ती २०१५ पासून वापरात आहे, घोड्यांवरही तिचा अभ्यास चालू आहे. पण तालुक्याला ती येईपर्यंत थांबायचे कारण नाही. क्रिएटिनीन मोजायचे यंत्र माणसांच्या प्रयोगशाळेतही असते. मात्र रक्त डॉक्टरांनीच काढावे आणि आकडा त्यांनीच वाचावा, कारण माणसाची मोजपट्टी घोड्याला लागू नाही.

आता गोळीचे. दुखणे आणि सूज आणणाऱ्या द्रव्याच्या भावकीतलेच एक द्रव्य, पाणी कमी पडले की किडनीच्या आतल्या भागाला रक्त पुरवत ठेवते. फेनिलब्युटाझोनसारखी गोळी दोघांनाही अडवते. पाय बरा होतो, किडनी सुकते. आमच्या घोडीचे नेमके हेच झाले. डायक्लोफिनॅक दिलेले ढोर मेले की ते खाऊन गिधाडांच्या किडन्या जात होत्या. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली. औषध वाईट नसते, पण ते विचारल्याशिवाय देणे वाईट.

तेव्हा चार गोष्टी गाठीला बांधा. पाणी न पिणाऱ्या जनावराला दुखण्याची गोळी देऊ नका. डोस मनाने वाढवू नका. दिलेले औषध, तारीख आणि मात्रा वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. औषध चालू असताना चारा सुटला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासा. बैलालाही हेच लागू आहे.

आणि एक मागणी. तालुक्याच्या पशुचिकित्सालयात रक्त तपासायची सोय असावी, नमुना जिल्ह्याला पाठवून आठवडा घालवायला लागू नये, असा ठराव आज आपण करावा. सहाव्या दिवशी कळलेला आकडा औषधाच्या कामाचा नसतो, फक्त हळहळीच्या कामाचा असतो.

मामा यंदाही आमच्या वावरात आले होते. नवी घोडी आहे. तिचा आकडा १.२ आहे, आणि तो कागद मामांच्या पटक्यात आहे. एवढे सांगून आम्ही थांबतो.