सिंह आणि चक्र

सिंह ज्या देशांच्या वनांत कधी हिंडला नाही, त्या देशांच्या कलेतही त्याने आपले आसन मांडले आहे. चीनमध्ये राजवाड्यांच्या व मंदिरांच्या द्वाराशी सिंहांच्या जोड्या पहारा देत बसलेल्या असतात. नराच्या पंजाखाली गोल चेंडू, मादीच्या पंजाखाली छावा. बौद्ध धर्माबरोबर ही प्रतिमा तेथे दृढ झाली. सिंह हा अशा रीतीने केवळ पशू राहिला नाही. सामर्थ्याविषयी माणसाला जे वाटते, ते सांगणारी ती एक भाषा झाली.

या भाषेत पहिला उच्चार अर्थातच राजसत्तेचा. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात असुरबनिपाल राजाने निनवे येथील प्रासादाच्या भिंतींवर आपली सिंहमृगया कोरवून घेतली. ही शिल्पे आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हेतू राजाच्या पराक्रमाचा. परंतु बाणांनी विद्ध झालेली, मागचे पाय लुळे पडले असताही पुढच्या पायांवर उठू पाहणारी सिंहीण एकदा दिसली, की राजाचे विस्मरण होते. शिल्पकाराची छिन्नी धन्याच्या आज्ञेपलीकडे गेली, असेच म्हणावे लागते.

स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे 1821 साली खडकात कोरलेला सिंहही मरणोन्मुख आहे. शिल्प थोरवाल्डसेन याच्या कल्पनेतले. 1792 साली पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजासाठी लढताना पडलेल्या स्विस सैनिकांचे ते स्मारक. येथे सिंह विजयाचा नाही, निष्ठेचा आहे.

सारनाथचा सिंह याहून निराळा. अशोकाच्या स्तंभशीर्षावर चार सिंह पाठीला पाठ लावून उभे आहेत. त्यांच्या नखांखाली कोणी शत्रू नाही. बुद्धाला शाक्यसिंह म्हणत आणि त्याच्या उपदेशाला सिंहनाद. तो नाद चारी दिशांना जावा, हाच येथील भाव. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरील सिंहस्तंभावरही अशीच चौकडी आहे.

26 जानेवारी 1950 रोजी हे शीर्ष भारताची राजमुद्रा झाले. मुद्रेवर तीनच सिंह दिसतात. चौथा दृष्टीआड राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मुळात या सिंहांच्या मस्तकांवर एक मोठे धर्मचक्र होते. ते भंगले आणि उत्खननात त्याचे तुकडेच हाती आले. राजमुद्रेत ते माथ्यावरचे चक्र नाही.

अशोकाच्या शिल्पकाराने बळ खाली ठेवले आणि धर्म वर. ज्या राष्ट्राने हे सिंह आपले मानले, त्याने त्यांच्या माथ्यावरचे ते न दिसणारे चक्रही ध्यानी धरले पाहिजे. कारण ते विसरले, तर उरतात ते केवळ सिंह.