दिंडीच्या वहीतल्या मोकळ्या जागा
(घाटकोपर येथे मुंबईकर वारकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठून कुठून लोकलची गर्दी सोसून तुम्ही आलात. आम्ही शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. कीर्तनात अभंग आम्हाला सांभाळून घेतो. आज अभंग नाही, नुसतं बोलायचं आहे, म्हणून एकच विषय धरतो. घराण्याची माहिती काढायची तर कागद पुरा पडत नाही. नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं, त्यातही बायांना.

शताब्दीच्या पुस्तकात पहिल्या वर्षी चाललेल्या वारकऱ्यांची नावं छापायची असं ठरलं. दिंडीची जुनी जमाखर्चाची वही काढली. मोडीत लिहिलेली, म्हणून वाचणारा गाठला. गड्यांची नावं सगळी आहेत, बापाच्या नावासकट. बायांच्या नोंदी एकवीस. त्या कशा? ‘अमक्याची मंडळी’, ‘तमक्याची आई’. शिधा किती दिला ते आहे, नाव नाही. पंढरीपर्यंत त्याही तेवढ्याच चालल्या, वर डोईवर तुळस.

आमच्या भागात हेळवी येतात. पूर्वी सुगी झाली की बैलावर बसून यायचे, आता गाडीनं येतात. वही उघडून पिढ्या वाचतात, धान्य-कापड घेऊन जातात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. कोण आलं, कुठल्या गावचं, कुणासाठी आलं, लिहून ठेवतात. ह्या वह्यांचं मोल मोठं. मागल्या दोन-तीन वर्षांत दाखल्यासाठी पुरावा शोधताना किती घरांनी जुने कागद धुंडाळले, तुम्ही जाणताच. आम्हीही हेळव्याला आमचं पान वाचायला लावलं. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. पणजीच्या जागी काही नाही.

पणजी त्या एकवीसातली एक. गावात कुणाला नाव सांगता येईना. मग आठवण झाली घाटकोपरच्या चुलत आत्यांची. आमची पणजी म्हणजे त्यांची सख्खी आजी. आत्यांचं लग्न गिरणी कामगाराशी झालं, लालबागच्या चाळीत संसार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पुढं ती खोली सुटली आणि कुटुंब इथं डोंगरावरच्या वस्तीत आलं. एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते, म्हणून गावचं येणंजाणं तुटलं.

आम्ही जाऊन विचारलं. आत्या म्हणाल्या, “आरं, तिला दोन नावं. एक माहेरचं, एक सासरचं. तुला कुठलं पायजे?”

बघा, लग्नात नाव बदललं की बाईचा माग तिथंच तुटतो. सासरचे एका नावानं ओळखतात, माहेरचे दुसऱ्या. आत्या लहानपणी आजीजवळ झोपायच्या. पहाटे जात्यावर आजी ओव्या गायची, त्यात भावाचं नाव यायचं, गावाचं नाव यायचं. त्यावरून आत्यांनी माहेरचं गाव सांगितलं.

त्या गावात चौकशी केली तर कळलं, पणजीच्या भावाचा पणतू बोरिवलीला राहतो. त्यांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली: घरची एक लेक पायी वारीला जाताना वाटेत माहेरी एक रात्र उतरायची. ती कुठल्या गावी दिली होती, ते त्यांना माहीत नव्हतं. ती कुठून आली, ते आम्हाला माहीत नव्हतं. अर्धी गोष्ट घाटकोपरात, अर्धी बोरिवलीत. मधी दादरला गाडी बदलायची, तेवढंच अंतर.

कुणी म्हणेल, बुवा, शंभर वर्षांनी एका नावाचं एवढं काय? तर नामदेवरायांचं घर आठवा. बाप दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई. नारा, विठा, गोंदा, महादा ही चार मुलं. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई ह्या चार सुना. आणि जनाबाई. सातशे वर्षांमागच्या घरातल्या सुनांची नावंसुद्धा पंथानं जपली. तुकोबारायांचे पूर्वज विश्वंभरबाबा, त्यांच्या पत्नी आमाई हेही आपल्याला ठाऊक आहे. बहिणाबाईंनी तर आपली कहाणी आपणच अभंगांत सांगून ठेवली. अशा पंथाच्या पुस्तकात आपण ‘मंडळी’ म्हणून छापायचं का? सरकारनंसुद्धा नियम केला, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग बापाचं.

आता विचारायचं कसं ते सांगतो. म्हातारीला एकदम “वंशावळ सांगा” म्हणू नका, ती म्हणेल मला काय कळतंय. तिला विचारा, सणाला मुराळी कोण यायचा? पहिलं बाळंतपण कुठं झालं? कुठल्या जत्रेला माहेरी जायचीस? तिची जाऊ कुठल्या गावची? एका नावाला धरून दुसरं आपोआप येतं. नातवानं मोबाईलवर आवाज भरून घ्यावा, पण कागदावरही लिहावं. दोन्ही नावं लिहावी, माहेरचं गाव लिहावं.

एकवीसातली तेरा नावं सापडली. त्यातली पाच मुंबईतल्या म्हाताऱ्या माणसांनी दिली. आमच्या पणजीचं नाव आम्ही इथं वेगळं उच्चारत नाही, ते यादीत बाकीच्या बारा जणींच्या सोबत वाचा. राहिल्या आठ. त्यांच्यापुढं ‘अमक्याची मंडळी’ न छापता जागा मोकळी सोडायची असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पुस्तक घरी न्याल तेव्हा घरातल्या थोरल्या बाईला ती यादी मोठ्यानं वाचून दाखवा. नवऱ्याचं, लेकाचं नाव ऐकून तिला काही आठवलं तर त्या मोकळ्या जागेत पेनानं लिहा, आणि आषाढीला वीणेकऱ्यांना सांगा. ते दिंडीच्या वहीत उतरवून घेतील.

रामकृष्ण हरी.