एक खांब गेला तरी घर उभे राहावे

(पवनानगर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या मावळातली जुनी लाकडी सांगाड्याची घरे तुम्ही पाहिली आहेत. एखादा खांब किडला तर सुतार तुळईला टेकू देतो, खांब बदलतो. छप्पर जागेवर राहते. कारण तेथे भार वाहणारा खांब एकटा नसतो, तो तुळयांनी इतरांशी जखडलेला असतो. आजच्या काँक्रीटच्या इमारतीकडून आपण एवढीही अपेक्षा करू नये काय?

१६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत, १८व्या मजल्यावर, एका बाईने सकाळच्या चहासाठी शेगडी पेटविली आणि गॅसचा स्फोट झाला. बाई वाचली, पण घराची भिंत उडाली. कारखान्यात ओतलेल्या भिंती एकमेकींवर रचलेल्या, सांधे दुबळे! आधार सुटताच वरचे मजले खाली आले, त्यांच्या आघाताने खालचेही गेले. इमारतीचा अख्खा कोपरा ढासळला. चौघांचा बळी गेला. स्थानिक नगरपालिकेने सामान्य भाडेकरूंसाठी बांधलेली ही इमारत अगदी नवी होती.

त्यातून १९७० साली ब्रिटनमध्ये नियम झाला. पाच वा अधिक मजल्यांच्या इमारतीतील भार वाहणारा एखादा भाग नाहीसा झाला तरी पडझड मर्यादित राहिली पाहिजे; ते शक्य नसेल तर त्या भागाने दर चौरस मीटरला सुमारे साडेतीन टन दाब सोसला पाहिजे. म्हणजे, अपघात होणारच हे गृहीत धरून माणसे वाचविण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकली गेली.

आपल्याकडे काय घडते? २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची चार मजली 'साईसिद्धी' कोसळली. १७ जण गेले. तळमजल्यावरच्या फेरफारात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तळाशी एकाने केलेल्या उद्योगाची शिक्षा वरच्या बिऱ्हाडांनी का भोगावी? मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. परंतु २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला १६ जणांचा बळी घेणारी 'तारिक गार्डन' जेमतेम दशकभराची होती. वयाची अट तिला कोठून गाठणार?

राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे. २०१६ साली ती सुधारलीही. पण ती शिफारस आहे. स्थानिक नियमांत उतरल्याशिवाय तिला दात येत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सांगाड्याचे सर्व भाग परस्परांशी बांधलेले असावेत. एक खांब काढून पाहिल्याचे गणित नकाशाबरोबर मागितले जावे. तळमजल्यावरच्या फेरफाराला अभियंत्याच्या दाखल्याशिवाय परवानगी नसावी. आणि हे सारे भाडेकरूला वाचता येईल अशा मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे.

या धरणाच्या काठी बंगले उठताहेत. त्यांचे मालक वास्तुविशारद नेमतील. त्या बंगल्यांच्या विटा वाहणारा मजूर मात्र शहरात मिळेल त्या स्वस्त इमारतीत भाड्याने राहतो. तिच्या खांबांची चौकशी त्याच्या वतीने कोणी करावयाची? ती आपणच केली पाहिजे.