स्टिअरिंग कुरकुरते तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गणपतीला आठ दिवस राहिले होते. साताऱ्याहून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि तिथून पुढे गावी, असा आमचा बेत होता. नेमकी तेव्हाच आमची छोटी गाडी फाटकातून वळताना ‘कर्रर्र... टंग्’ असा आवाज करू लागली. एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने दोनदा स्टिअरिंग फिरवले आणि सांगून टाकले, ‘‘रॅक गेलाय. पूर्ण बदलावा लागेल.’’ खर्चाचा आकडा ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘एसटीनं जाऊ.’’

मी मेकॅनिक नव्हे. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. पण आमच्या पेठेत एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारले, एखाद्या वैद्याने विचारावेत तसे. ‘‘साहेब, आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना? दोन्हीकडे वळवताना की एकाच बाजूला? खड्ड्यात येतो का? इंजिन बंद असताना येतो का?’’ माझ्याकडे एकाचेही नीट उत्तर नव्हते. आवाज येतो, एवढेच मला ठाऊक!

‘स्टिअरिंगचा आवाज’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात बऱ्याच गोष्टी हलत असतात. स्टिअरिंगचा दांडा खाली एक लहानसे दातेरी चाक फिरवतो. ते चाक दाते असलेली एक आडवी पट्टी डावी-उजवीकडे सरकवते. हाच तो रॅक. रॅकच्या दोन टोकांना टायरॉड आणि टायरॉडच्या टोकाला गोळीसारखा सांधा, तो चाक वळवतो. पण चाक एकटे वळत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा शॉकॲब्सॉर्बर आणि त्याची स्प्रिंगही चाकाबरोबर वळते. त्यासाठी वर, बॉनेटखाली, एक बेअरिंग असते. पावसाळ्यात चिखलपाणी जाऊन ते गंजते, अडकते. मग स्प्रिंगला पीळ बसत जातो आणि एकदम सुटतो. तोच ‘टंग्’.

मिस्त्रींनी बॉनेट उघडले. माझ्या पुतण्याला स्टिअरिंगवर बसवले आणि सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितले. माझा तळवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोपीवर ठेवला. उजव्या बाजूला काही नाही. डाव्या बाजूला हाताला धक्का जाणवला, अगदी आवाजाच्या क्षणी. रॅक ठणठणीत होता. कानाला फसवणे सोपे असते, कारण आवाज पत्र्यातून फिरून येतो. हात सहसा फसत नाही. फक्त स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बोटे घालू नका, बोट चिरडेल.

बाकीच्या आवाजांची ओळखही त्या दिवशी झाली. पूर्ण वळवून गाडी चालवताना ‘कट्-कट्-कट्’ असा, वेगाबरोबर वाढणारा आवाज आला, तर तो स्टिअरिंगचा नव्हेच. तो चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या ॲक्सलच्या बाहेरच्या सांध्याचा. चाकाच्या आतल्या बाजूला पाहा. रबरी बूट फाटून ग्रीस सगळीकडे उडालेले दिसेल. बूट वेळेवर बदलला असता तर बहुधा सांधा वाचला असता. पॉवर स्टिअरिंग तेलावर चालणारे असेल आणि वळवताना ते गुंगुं करत असेल, तर आधी तेलाची पातळी पाहावी. कमी असेल तर ते कुठून गळते ते शोधावे, नुसते ओतत राहू नये. स्टिअरिंग टोकाला दाबून धरून ठेवण्याची सवयही वाईट, पंपावर ताण येतो. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालते. त्यात तेल नसतेच. तेव्हा ‘तेल बदलले’ असे कोणी बिलात लिहिले तर जरूर चौकशी करा. आणि पूर्ण वळवल्यावर खरखर आली तर टायर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला घासतो का तेही पाहावे. तिथला एखादा निसटलेला खिळा हजारोंचा खर्च सुचवून जातो!

बेअरिंग बदलायचे ठरले. गाडी जॅकवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, जॅकच्या जोडीला खाली भक्कम स्टँड दिला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मिस्त्री कधीच जात नाहीत. चाक अधांतरी झाल्यावर त्यांनी ते डावी-उजवीकडून, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, धरून हलवले. डावे ठीक होते. उजवे, ज्याचा आवाज अजिबात नव्हता ते, खुट्-खुट् हलले. टायरॉडच्या टोकाचा सांधा झिजून ढिला झाला होता. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही आलात ते ओरडणाऱ्यासाठी. पण घाटात हा सुटला असता, तर तुम्ही स्टिअरिंग फिरवलं असतं आणि हे चाक त्याला वाटेल तिकडे गेलं असतं.’’

आंबेनळीची वळणे डोळ्यांसमोर आली. मागच्या सीटवर आई बसणार होती.

दोन्ही बाजूंचे टायरॉड एंड आणि डावे बेअरिंग बदलले. टायरॉड एंड काढला की चाकांची दिशा बिघडते, म्हणून लगेच अलाइनमेंट करून घेतले. नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतात. सगळे मिळून खर्च रॅकच्या चौथ्या हिश्श्याइतकाही आला नाही.

गावी वेळेवर पोहोचलो. परत आल्यावर आणखी एक बारीक ‘कुंई’ सुरू झाली. या वेळी मी स्वतःच खालच्या आर्मच्या रबरी बुशवर पाणी शिंपडून पाहिले. आवाज तासभर गेला आणि वाळल्यावर परत आला, म्हणजे रबरच कोरडे पडले होते. इंजिन ऑइल लावणार होतो, पण मिस्त्रींनी हात धरला. त्याने रबर फुगते. सिलिकॉनचा फवारा मारा, म्हणाले. तो अधूनमधून मारतो. आणि महिन्यातून एकदा पुतण्याला स्टिअरिंगवर बसवून बॉनेटखाली हात ठेवतो.