मेळघाटातील सहकुटुंब मुक्काम

मराठवाड्यातील नायगावहून नांदेड, हिंगोली, वाशीम आणि अकोला या मार्गाने सातपुड्यात शिरता येते. तेथील गाविलगड डोंगररांगेत, १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असलेले मेळघाट असून, गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचाच भाग होय. राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे चराई आणि वृक्षतोड यांना कायद्याने मज्जाव असलेल्या वनात, मनास येईल तेथे राहुटी ठोकता येत नाही. म्हणून सेमाडोह किंवा कोलकास येथील वनविभागाच्या निवासाचे आरक्षण आधी करून मगच रजा टाकणे शहाणपणाचे. पावसाळ्यात गाभा क्षेत्र, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेला आतला भाग, सहसा बंद असतो.

मेळघाटातील चिखलदरा हे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने मराठवाड्याच्या उन्हाला सरावलेल्या मुलांना हिवाळ्यातील पहाट चांगलीच झोंबते, तेव्हा कानटोप्या आणि जाड घोंगड्या विसरून चालत नाही. शिदोरीला दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम, कारण त्या दोन दिवस टिकतात व जंगलात चूल पेटवावी लागत नाही. उष्टे मात्र उघड्यावर ठेवू नये, कारण माकडे आणि रानडुकरे त्याच्या वासावर येतात.