अडत बदलली, नाव आपलंच राहू द्या



 आंबा बागायतदारांच्या संघटनेच्या या अधिवेशनात हवामान, तुडतुडे, खतांचे भाव यांवर सकाळपासून जाणकार बोलले आहेत. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे: आपण फोनवर करतो ती जाहिरात.

आधी क्रॉफर्ड मार्केट, मग वाशी. पिढ्यान्‌पिढ्या आपली पेटी दलालाकडे गेली. पेटीवर नाव आपलं, पण ती कोणाच्या घरी उघडली आणि खाणारा काय म्हणाला, हे आपल्याला कळलंच नाही. 2020 च्या टाळेबंदीत बाजार अडले, तेव्हा अनेकांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट आंबा पोचवला. ग्राहक आणि बागायतदार व्हॉट्सअ‍ॅपवर समोरासमोर आले. दलाल सुटला, असं आपल्याला वाटलं.

तो सुटला नाही, त्याने रूप बदललं. फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगल यांच्यावरची जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. एप्रिलमध्ये सगळेच बागायतदार एकाच ग्राहकासाठी बोली लावतात, म्हणजे ऐन हंगामात जागा महागणारच. वाशीचा अडत्या माल विकल्यावर अडत कापायचा. इथे लोकांनी जाहिरात नुसती पाहिली किंवा तिच्यावर बोट दाबलं तरी पैसे जातात, मग पेटी विकली जावो न जावो. म्हणून जाहिरात करू नका, असं मी म्हणत नाही. पण खर्च मोजताना किती जणांनी पाहिलं हा आकडा बाजूला ठेवा. एका विकलेल्या पेटीमागे जाहिरातीचे किती रुपये गेले आणि जाहिरातीतून आलेल्यांपैकी किती ग्राहक पुढच्या वर्षी परत आले, हे दोनच आकडे वहीत मांडा.

ग्राहक परत का येतो? त्याच्या शंकेला उत्तर मिळालेलं असतं म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर झाल्याशिवाय नांगर खपणार नव्हता. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याचं ते पत्रक वाढत वाढत मराठीतलं महत्त्वाचं मासिक झालं. मालाची माहिती देता देता वाचकाशी नातं जोडणं हे मराठी उद्योगाला शंभर वर्षांपूर्वी जमलं होतं.

आपल्या ग्राहकाच्या शंका कोणत्या? हा खरंच कोकणातला हापूस का? कार्बाइडने पिकवलाय का? कापल्यावर साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघाला तर? आणि आपण त्याला काय दाखवतो? सूर्यास्त, समुद्र, मागे वाजणारं गाणं. त्याऐवजी चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने कसं उतरवतात ते दाखवा. पिकण्यासाठी गवतात घातलेली अढी दाखवा. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे स्वच्छ सांगा आणि निघाल्यास फळ बदलून देण्याची हमी लिहून द्या. दोष आधी सांगणाऱ्याच्या हमीवर माणसं विश्वास ठेवतात.

काही व्यवहाराच्या गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. म्हणून पेटीत एक चिठ्ठी घाला आणि नंबर सेव्ह करायला सांगा. ग्राहकांना न विचारता एका ग्रुपमध्ये कोंबू नका, त्यांचे नंबर परक्यांसमोर उघडे पडतात. गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. तिथे पत्ता, वेळ आणि स्वतः काढलेले फोटो टाका. सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहकांची नावं, गावं आणि मागणी स्वतःच्या वहीत लिहा. उद्या खातं बंद पडलं, नियम बदलले, तर हजारो फॉलोअर एका रात्रीत जातील. वही राहील.

आता थोडं कडू बोलतो. 2018 साली पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही बाहेरच्या राज्यांतला आंबा देवगड-रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, आणि तो विकणाऱ्यांत आपल्यातलेही काही आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. फसलेला ग्राहक एका विक्रेत्याला सोडत नाही, तो हापूसच सोडतो. हे नाव सामाईक आहे, म्हणून त्याची राखणही सामाईक हवी.

यासाठी मी या अधिवेशनापुढे एक ठराव ठेवतो. आपल्या प्रत्येक सभासदाच्या ऑनलाइन जाहिरातीत चार गोष्टी असाव्यात: बागेचा तालुका, तोडणीची तारीख, फळाचं वजन आणि खराब फळ बदलून देण्याची अट. जो मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता असेल, त्याने नोंदणी क्रमांकही द्यावा. आणि जो नोंदणीकृत नाही, त्याला येत्या हंगामाआधी अर्ज भरायला या संघटनेने मदत करावी.

ठरावावर चर्चा करा, हव्या त्या दुरुस्त्या सुचवा, पण आज संध्याकाळी उठण्यापूर्वी तो मंजूर करा.