उन्हाचे कारागीर

आपल्या देशात उन्हाला तोटा नाही. तोटा आहे तो उन्हाला कामास लावणाऱ्या हातांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज उभारण्याची योजना हाती घेतली. पॅनेल कारखान्यात तयार होते, अनुदान सरकार देते. पण छपरावर चढून ते नीट बसविणारा आणि पुढे बिघाड झाल्यास धावून येणारा माणूस कारखान्यात तयार होत नाही. त्याला शिकवावे लागते. ज्याला हल्ली ‘हरित रोजगार’ म्हणतात, त्याचा खरा प्रश्न येथे आहे.

हे काम म्हणजे वायरमनच्या जुन्या कामास दिलेले नवे नाव, असा पुष्कळांचा समज असतो. तो पुरता खरा नाही. घरातील दिवा आपण कळ दाबून मालवतो. पण ऊन पडत आहे तोवर पॅनेलमधील वीज कोणत्याही कळीने नाहीशी होत नाही. शिवाय घरातील प्रत्यावर्ती धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. त्यामुळे ढिल्या जोडातील ठिणगीला विझण्यास अवसर मिळतो. पॅनेलच्या दिष्ट धारेला असा विसावा नाही, आणि एका ढिल्या जोडातून आग लागू शकते. पॅनेलचे तोंड दक्षिणेस हवे, हे सांगणे सोपे; पण त्याचा कल साधारणपणे स्थळाच्या अक्षांशाप्रमाणे ठेवावा लागतो. मुंबईस तो सुमारे १९ अंश, इंदुरास २३, तर दिल्लीस २९. पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी एकसर जोडलेल्या साऱ्या माळेची वीज घटू शकते. हे ज्ञान पुस्तकात सापडते. परंतु ते बोटांत उतरावे लागते.

त्या दृष्टीने काही पावले पडली आहेत. २०१५ साली ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण सुरू झाले. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेकडे त्याची सूत्रे होती. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजकामासारखा व्यवसाय शिकलेल्या तरुणांसाठी हा ६०० तासांचा, सुमारे तीन महिन्यांचा अभ्यासक्रम होता.

याहून निराळा प्रयोग राजस्थानातील तिलोनिया या गावी झाला. तेथे १९७२ साली बंकर रॉय यांनी स्थापिलेल्या संस्थेत खेड्यापाड्यांतील, बहुधा निरक्षर अशा प्रौढ स्त्रिया सहा महिन्यांत सौर दिवे जोडावयास आणि दुरुस्त करावयास शिकल्या. रंगांच्या खुणा, हातवारे आणि पुनःपुन्हा केलेली कृती हीच त्यांची भाषा. आफ्रिकेतील अनेक देशांतूनही स्त्रिया तेथे आल्या. आजीबाईंचीच निवड का, याचे रॉय यांनी दिलेले कारण मार्मिक आहे: प्रमाणपत्र हाती पडताच तरुण शहराची वाट धरतो, आजी गाव सोडून जात नाही.

या उत्तरात विनोद आहे, तसा एक धडाही आहे. घरावर पॅनेल बसविण्याचे काम थोड्या दिवसांत आटोपते. त्याची निगा मात्र सुमारे पंचवीस वर्षे राखावी लागते. आपण केवळ बसविणारे शिकविले, तर काम संपताच ते बेकार होतील आणि मागे धुळीने माखलेली, निकामी पॅनेले उरतील. निगा राखणारे शिकविले आणि त्या निगेचा मोबदला योजनेच्या खर्चातच धरला, तर गावोगावी एकेका कुटुंबाची कायमची चूल पेटेल. म्हणून प्रशिक्षणाचे यश किती प्रमाणपत्रे वाटली यावर मोजू नये. शिकलेला कारागीर पाच वर्षांनंतरही त्याच कामावर पोट भरतो आहे काय, आणि त्याने बसविलेला दिवा अजून जळतो आहे काय, हे दोन प्रश्न विचारावेत. सूर्य रोज उगवणारच आहे. त्याच्या कारागिरालाही रोज काम मिळाले पाहिजे.